जेम्स लोगन: क्वेकरांचा कारभारी आणि दीड दिवसाची चाल

१६९९ सालच्या अखेरीस ‘कँटरबरी’ नावाचं जहाज अटलांटिक ओलांडून पेनसिल्व्हेनियाकडे चाललं होतं. जहाजावर वसाहतीचा मालक विल्यम पेन आणि त्याच्याबरोबरची क्वेकर मंडळी होती. वाटेत एक शस्त्रसज्ज जहाज मागे लागलं. कप्तानाने लढायची तयारी केली आणि क्वेकरांना सांगितलं, तुमच्याकडून मदतीची अपेक्षा नाही, हवं तर खाली केबिनमध्ये जाऊन बसा. सगळे गेले. पेनचा पंचविशीतला चिटणीस जेम्स लोगन मात्र वर थांबला आणि एका तोफेवर जाऊन उभा राहिला.

ते जहाज शत्रूचं नव्हतंच, त्यामुळे काही घडलं नाही. पण लोगन ही खबर द्यायला खाली आला तेव्हा पेनने सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढली. क्वेकर असून हत्यार धरतोस? लोगनने तिथल्या तिथे सुनावलं: मी तुझा नोकर, मग खाली ये असा हुकूम का नाही सोडलास? धोका आहे असं वाटत होतं तोवर मी वर राहून लढावं हे तुला चालत होतं.

ही हकिकत लोगनने बेंजामिन फ्रँकलिनला सांगितली आणि फ्रँकलिनने ती आत्मचरित्रात लिहून ठेवली. फ्रँकलिन तो काळ युद्धाचा होता म्हणतो, पण १६९९ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समध्ये तह झालेला होता, तेव्हा सांगता-ऐकताना तपशील थोडा इकडचा तिकडे झालेला दिसतो. तरी लोगनचं उत्तर लक्षात ठेवण्याजोगं आहे. पुढची पन्नास वर्षं त्याने पेनसिल्व्हेनियात हेच काम केलं. बाकीच्यांना तत्त्वापायी जे करता येत नव्हतं, पण झालेलं हवं होतं, ते हा करत राहिला.

आधी क्वेकर म्हणजे कोण ते पाहू. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स नावाच्या विणकराच्या मुलाने हा पंथ सुरू केला. प्रत्येक माणसाच्या आत ईश्वरी प्रकाश आहे, हे त्यांचं मूळ म्हणणं. एकदा ते मानलं की बाकी सगळं ओघानेच येतं. पाद्री नको, कारण मध्यस्थ कशाला? सभेत सगळे गप्प बसणार, आतून प्रेरणा झाली तर कोणीही उठून बोलणार, बाईसुद्धा. मोठ्या माणसापुढे टोपी काढायची नाही आणि न्यायाधीश असो की सरदार, सगळ्यांना अरे-तुरे. शपथ घ्यायची नाही, कारण शपथ घेऊन खरं बोलायचं म्हटलं तर एरवी खोटं बोललेलं चालतं असा अर्थ होतो. चर्चचा कर द्यायचा नाही. आणि शस्त्र उचलायचं नाही.

आज हे निरुपद्रवी वाटतं, पण त्या काळी शपथ नाकारली की सरकारी पद तर नाहीच, कोर्टात साक्षही देता येत नसे. हजारो क्वेकर तुरुंगात गेले. स्वतः पेन अनेकदा आत जाऊन आला.

पेन मात्र साधा माणूस नव्हता, नौदलातल्या अॅडमिरलचा मुलगा होता. राजा दुसरा चार्ल्स याच्याकडे त्याच्या बापाचे सोळा हजार पौंड थकले होते. १६८१ मध्ये राजाने रोख पैशांऐवजी अमेरिकेतला एक प्रचंड प्रदेश त्याच्या नावे करून दिला. पेनला तिथे धर्मस्वातंत्र्याचा ‘पवित्र प्रयोग’ करायचा होता आणि तो त्याने बऱ्याच अंशी केलाही. कायदेशीरदृष्ट्या मात्र ही वसाहत म्हणजे जहागीर होती. जमीन सगळी पेनची. गव्हर्नर तो नेमणार. लोकांनी निवडलेली असेंब्ली असली तरी प्रत्येक शेतकऱ्याने मालकाला दर शंभर एकरांमागे वर्षाला एक शिलिंग सारा द्यायचा. जहागीर म्हटली की कारभारी आलाच.

लोगनचा जन्म १६७४ मध्ये आयर्लंडमधल्या लर्गन गावी एका स्कॉटिश क्वेकर कुटुंबात झाला. बाप मास्तर. पोराला लहानपणीच लॅटिन, ग्रीक आणि थोडी हिब्रू शिकवून झाली होती. १६८९ च्या लढायांत कुटुंब आयर्लंड सोडून निघालं आणि शेवटी ब्रिस्टलला आलं. तिथल्या क्वेकर शाळेत आधी बापाने शिकवलं, मग मुलाने. पेनची नजर याच्यावर गेली ती तिथेच.

या खेपेला पेन स्वतः पेनसिल्व्हेनियात जेमतेम दोन वर्षं राहिला आणि १७०१ मध्ये परत गेला, तो कायमचाच. जाताना सगळं लोगनच्या हाती देऊन गेला. प्रांताचा सचिव हाच, गव्हर्नरच्या कौन्सिलचा कारकून हाच, जमिनी वाटणाऱ्या आयुक्तांपैकी एक हाच आणि मालकाचा सारा वसूल करणाराही हाच. वरून रेड इंडियन टोळ्यांशी बोलणी करण्याचं कामही हळूहळू त्याच्याचकडे आलं. कोणती जमीन कोणाची, कधी विकली, किती पैसे आले, कोणत्या सरदाराने कशावर अंगठा उठवला, हे सगळं एका माणसाच्या दप्तरात. पुढे काय झालं ते कळायला हे दप्तर ध्यानात ठेवावं लागेल.

लोकांना तो मुळीच आवडत नसे. साऱ्याच्या वसुलीला येणारा माणूस कोणाला आवडतो? डेव्हिड लॉइड या दुसऱ्या क्वेकर पुढाऱ्याने असेंब्लीत त्याच्याविरुद्ध आघाडी उघडली, १७०७ मध्ये महाभियोग आणला, आणि १७०९ मध्ये लोगन इंग्लंडला निघाला तेव्हा त्याच्या अटकेचा हुकूमही काढला. गव्हर्नर आडवा आला म्हणून वाचला. दोघेही क्वेकर, दोघेही एकाच सभेत शांत बसणारे, आणि बाहेर पडलं की एकमेकांचे वैरी. तिकडे मालकाचीच अवस्था वाईट होती. ज्या माणसावर विश्वास टाकून न वाचता कागदांवर सह्या केल्या, त्याच्या वारसांनी पेनवर दावा लावला आणि १७०८ मध्ये पेन कर्जापायी कैदेत गेला. न वाचता सही करण्याचे परिणाम लोगनने तेव्हा जवळून पाहिले होते.

पगार नीट मिळत नव्हता तेव्हा लोगनने व्यापार धरला. ससक्वेहाना नदीकाठच्या कोनेस्टोगा गावाकडे तो उधारीवर माल पाठवायचा: कापड, भांडी, बंदुका, दारू. व्यापारी तो माल टोळ्यांना देऊन हरणांची कातडी आणि फर आणायचे आणि लोगन ती लंडनला रवाना करायचा. व्यापाऱ्यांची उधारी थकली की काहींच्या जमिनी याच्या घशात जायच्या. पुढे अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘कोनेस्टोगा वॅगन’चा, म्हणजे त्या मोठ्या छपराच्या मालवाहू घोडागाडीचा, सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १७१७ सालचा आहे आणि तो सापडतो लोगनच्या हिशेबाच्या वहीत.

शांततावादी वसाहतीच्या सीमेचं रक्षण कसं करायचं, या प्रश्नावरही त्याने स्वतःचं उत्तर काढलं. १७२० च्या सुमारास उत्तर आयर्लंडमधून प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांचे लोंढे येऊ लागले होते. याच लोकांच्या बापजाद्यांनी लंडनडेरीचा वेढा झुंजून काढला होता, हे लोगनला ठाऊक होतं. त्याने त्यांना मुद्दाम सीमेवर डोनेगल नावाच्या वस्तीत बसवलं. उद्या काही गडबड झालीच तर हे लढतील. क्वेकर फिलाडेल्फियात निवांत, हत्यारबंद शेजारी सीमेवर, आणि कोणाच्याही तत्त्वाला धक्का नाही! दहाएक वर्षांतच तो वैतागून लिहू लागला की अख्खं आयर्लंड इकडेच यायला निघालंय की काय, आणि ही माणसं मोकळी जमीन दिसली की न विचारता बसतात. तो मेल्यावर बारा वर्षांनी, १७६३ च्या डिसेंबरात, याच भागातल्या सशस्त्र टोळक्याने कोनेस्टोगातल्या वीस निःशस्त्र इंडियनांना, बायका-मुलांसकट, कापून काढलं.

या माणसाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, म्हणूनच तो सहजासहजी एका खणात बसत नाही.

जर्मनटाऊनजवळ त्याने ‘स्टेंटन’ नावाचं विटांचं घर बांधलं. ते आजही उभं आहे. १७२८ मध्ये बर्फावर घसरून मांडीचं हाड मोडलं आणि तो कायमचा कुबड्यांवर आला, तेव्हा सगळा वेळ या घरात आणि पुस्तकांत जाऊ लागला. मरेपर्यंत त्याच्याकडे अडीच हजारांहून अधिक पुस्तकं जमली होती आणि त्यांतली बरीचशी समासात टिपणं करत वाचलेली. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ची अमेरिकेत आलेली पहिली प्रत त्याचीच मानतात. फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी वर्गणी काढून वाचनालय सुरू केलं तेव्हा कोणती पुस्तकं मागवायची हे विचारायला ते याच्याकडे आले. स्टेंटनला काचा बसवायला येणारा थॉमस गॉडफ्रे हा कारागीर लोगनची पुस्तकं वाचून गणित शिकला आणि १७३० मध्ये त्याने खलाशांसाठी कोन मोजायचं एक उपकरण बनवलं. इंग्लंडमध्ये जॉन हॅडलीनेही तसंच बनवलं होतं. श्रेय गॉडफ्रेलाही मिळावं म्हणून लोगनने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पत्रं लिहून भांडण मांडलं.

आणि मग मक्याचा प्रयोग. झाडांतही नर-मादी असतात का, परागाचं नेमकं काम काय, यावर तेव्हा युरोपात वाद चालू होता. लोगनने आपल्या चाळीस फूट रुंद आणि जवळपास ऐंशी फूट लांब बागेच्या चारही कोपऱ्यांत मका लावला. एका कोपऱ्यातल्या ताटांचे परागाचे तुरे त्याने छाटून टाकले. बाकीच्या ठिकाणी कणसांच्या टोकाला लोंबणारे केस उपटले, काही कणसांचे सगळे, काहींचे अर्धे, काहींचे पाव. एक कणीस मलमलीत गुंडाळून ठेवलं. पीक तयार झाल्यावर पाहिलं तर सगळे केस काढलेल्या कणसांत दाणा नाही. अर्धे काढले तिथे त्याच प्रमाणात दाणे. मलमलीतलं कणीस मोकळं. तुरे छाटलेल्या कोपऱ्यातही दाणे नाहीत, फक्त एका मोठ्या कणसावर विसेक दाणे धरलेले. ते पराग वाऱ्याने दुसरीकडून आले, हा त्याचा निष्कर्ष. त्याचं हे पत्र १७३६ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. संकरित मक्याचं बियाणं तयार करताना आजही मादी ओळीतले तुरे खुडतात, ते याच तत्त्वावर.

त्याच घरात गुलामही राबत होते. १६८८ मध्ये याच जर्मनटाऊनमधल्या चार क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला होता, पण वरच्या सभांनी तो बाजूला ठेवला. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगायला पूर्ण बंदी केली ती १७७६ मध्ये, म्हणजे लोगन जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर.

आता ज्यामुळे त्याचं नाव आजही कोर्टाच्या कागदांत निघतं, त्या व्यवहाराकडे येऊ.

विल्यम पेनचा नियम होता की राजाने सनद दिली असली तरी तिथे राहणाऱ्या लेनापे लोकांकडून जमीन विकत घेतल्याशिवाय वस्ती करायची नाही. १७१८ मध्ये पेन वारला. त्याची मुलं बापासारखी नव्हती, आणि कर्जं मात्र बापासारखी होती. डेलावेर नदीच्या वरच्या अंगाची, लेनाप्यांकडून अजून घेतलेली नसलेली जमीन विकायला काढल्याशिवाय पैसा उभा राहणार नव्हता. लोगनचाही यात हितसंबंध होता. १७२७ पासून तिथल्या डरहॅमच्या लोखंडाच्या भट्टीत तो भागीदार होता.

मग दप्तरातून एक कागद निघाला, १६८६ च्या एका कराराची नक्कल. त्यावर सह्या नव्हत्या, शिक्के नव्हते. त्यात म्हटलं होतं की अमुक ठिकाणापासून माणूस दीड दिवसात चालत जाईल तिथपर्यंतची जमीन पेनला दिली आहे. लेनापे सरदार नुटिमस म्हणत राहिला की आमच्या माणसांनी इतकी जमीन कधी विकली नाही. पण त्याच्याकडे कागद नव्हता. लोगनने आणखी एक खुंटी ठोकली. १७३६ मध्ये इरोक्वा संघाशी, म्हणजे उत्तरेकडच्या बलाढ्य इंडियन टोळ्यांच्या संघाशी, तह झाला, आणि मुख्य करार उरकल्यावर काही आठवड्यांनी, बरेच सरदार घरी निघून गेल्यावर, उरलेल्यांकडून दुसऱ्या एका कागदावर सह्या घेतल्या गेल्या. डेलावेरकाठच्या जमिनीवरचा हक्क आम्ही पेन कुटुंबाला सोडतो, असा तो कागद. त्या जमिनीवर इरोक्वांचा कधी हक्कच नव्हता. पण तो ‘सोडला’ म्हटल्यावर आधी होता हे आपोआप मान्य झालं, आणि लेनाप्यांनी दाद मागायला जायची जागाच उरली नाही. ही चाल मला प्रत्यक्ष चालण्यापेक्षाही जास्त धूर्त वाटते.

१७३७ च्या ऑगस्टमध्ये चार लेनापे सरदारांनी चालण्याला मान्यता दिली. त्यांच्या समजुतीने ‘दीड दिवसाची चाल’ म्हणजे नदीकाठाने आरामात जाणं. मध्ये बसायचं, चिलीम ओढायची, खायचं, पुढे निघायचं. पेन बंधूंच्या माणसांनी मात्र दोन वर्षं आधीच गुपचूप सराव करून सर्वांत सोयीचा रस्ता हेरून ठेवला होता. तेव्हा वसाहतीचा हंगामी गव्हर्नर होता जेम्स लोगन.

१९ सप्टेंबरला सूर्योदयाला राइट्सटाऊनच्या क्वेकर सभागृहापासून तिघे निघाले: एडवर्ड मार्शल, जेम्स येट्स आणि सॉलोमन जेनिंग्ज. सगळ्यांत लांब जाईल त्याला पाच पौंड आणि पाचशे एकर जमीन, असं बक्षीस कबूल केलं होतं. बरोबर घोड्यांवर खाण्यापिण्याचं सामान. साक्षीला आलेले लेनापे थोड्याच वेळात संतापले. हे चालत नाहीत, पळतायत, चिलीम ओढायला बसत नाहीत, एखादी खार मारायलाही थांबत नाहीत. वैतागून ते निघून गेले. जेनिंग्ज पहिल्याच दिवशी गळाला. येट्स दुसऱ्या दिवशी कोसळला आणि थोड्याच दिवसांत वारला. मार्शल एकटा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेला, सुरुवातीपासून सुमारे साठ मैल.

तरी फसवणूक तिथे संपत नाही. मार्शल थांबला त्या जागेपासून डेलावेर नदीपर्यंत सरळ जवळची रेघ ओढली असती तर क्षेत्र बरंच कमी भरलं असतं. मोजणीदारांनी काटकोनात रेघ ओढली, त्यामुळे नदी गाठायला आणखी कित्येक मैल उत्तरेला जावं लागलं. एकूण किती जमीन गेली याचे अंदाज साडेसात लाखांपासून बारा लाख एकरांपर्यंत आहेत. बक्षिसाची जमीन आपल्याला मिळालीच नाही, अशी तक्रार खुद्द मार्शल पुढे करत राहिला.

लेनापे हलेनात, तेव्हा १७४२ मध्ये फिलाडेल्फियात इरोक्वांचा वक्ता कॅनसटेगो याने त्यांना भर सभेत फैलावर घेतलं. तुमचे केस धरून तुम्हाला गदागदा हलवायला हवं, आम्ही तुम्हाला जिंकून बायका करून ठेवलंय, जमीन विकणारे तुम्ही कोण, ताबडतोब निघा. ते निघाले.

मधल्या काळात, १७४१ मध्ये, लोगनने आणखी एक काम केलं, आणि ते मला त्याच्या बाजूने मांडावंसं वाटतं. स्पेनशी युद्ध चालू होतं आणि क्वेकर असेंब्ली संरक्षणाला पैसा द्यायला तयार नव्हती. लोगनने वार्षिक सभेला पत्र लिहिलं. राज्य चालवणं म्हणजे शेवटी बळाचा वापर करणं, चोराला फाशी देतानाही तेच करतो आपण. ज्यांची सदसद्विवेकबुद्धी संरक्षणाला मत द्यायला परवानगी देत नाही त्यांनी खुशाल तसं वागावं, पण मग निवडणुकीला उभं राहू नये. सभेने ते पत्र वाचूनच दाखवलं नाही. ते वाचावं म्हणून एक जण उठला तर शेजाऱ्याने कोट ओढून त्याला खाली बसवलं, तू एकटाच आहेस म्हणाला. फ्रँकलिनने त्याच्या मोजक्या प्रती छापल्या. पुढे फिलाडेल्फियाच्या बचावासाठी तोफा घ्यायला लॉटरी काढली तेव्हा लोगनने साठ पौंडांची तिकिटं घेतली आणि बक्षीस लागलं तर तेही तोफांनाच घाला म्हणून सांगितलं. १७५१ च्या ऑक्टोबरअखेर तो वारला. पुस्तकं शहराच्या लोकांसाठी ठेवली गेली.

चारच वर्षांत सीमेवर रक्त सांडू लागलं. हल्ले करणाऱ्यांत ते हाकललेले लेनापे होते. मार्शलची बायको त्यात मारली गेली. १७५६ च्या नोव्हेंबरात ईस्टन गावी वाटाघाटी झाल्या आणि गव्हर्नरने लेनापे पुढारी तीद्युस्कुंगला विचारलं, का हल्ले करता? त्याने जमिनीवर पाय आपटला. ही माझ्या पायाखालची जमीन माझी वडिलोपार्जित आहे आणि ती माझ्याकडून फसवून घेतली, असं तो म्हणाला. त्याच्या पाठीशी उभे राहिले फिलाडेल्फियाचे क्वेकर व्यापारी. त्यांनी संघटना काढली आणि जुने करार दाखवा म्हणून पेन कुटुंबाच्या मागे लागले. पुढच्या वर्षीच्या बैठकीला तीद्युस्कुंगने हट्ट धरला की माझाही कारकून हवा, आमच्या बाजूचं टिपण आम्ही वेगळं ठेवणार. त्याला क्वेकर शाळेतला एक मास्तर मिळाला, चार्ल्स थॉमसन. हाच पुढे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात काँग्रेसचा सचिव झाला. चौकशी मात्र १७६२ पर्यंत लांबली आणि शेवटी तीद्युस्कुंगने आरोप मागे घेतला. दुसऱ्या वर्षी तो स्वतःच्या घरात जळून मेला.

२००४ मध्ये ओक्लाहोमात राहणाऱ्या त्याच लेनाप्यांच्या वंशजांनी, म्हणजे ‘डेलावेर नेशन’ने, पेनसिल्व्हेनियात दावा लावला. मागणी होती ३१५ एकरांची, जी १७३८ मध्ये टाटामी नावाच्या लेनापे दुभाष्याला दिलेली होती. आता त्या जागेवर रंगीत खडू बनवणाऱ्या क्रेयोला कंपनीचा कारखाना आहे. २००६ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला. फसवणूक झाली असं धरून चाललं तरी पेन कुटुंबाला त्या काळी इंडियनांचा हक्क संपवायचा अधिकार होता, आणि फसवून संपवलेला हक्कही संपलेलाच असतो. दावा फेटाळला गेला.